मशीन हवंय असं म्हणायला मला नऊ दिवस लागले

“मिसेस दातार, तुमच्या यजमानांच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत,” असं डॉक्टर हॅलम म्हणाले, तेव्हा माझ्या मांडीवर फ्लॉवरचा गड्डा होता.

येताना मार्केटात चांगला मिळाला म्हणून घेतला होता आणि बसमध्ये कागदी पिशवी फाटली होती. एवढी मोठी बातमी ऐकताना हातांनी काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं. मी त्या गड्ड्याची पानं खुडायला लागले. डॉक्टर बोलत होते, मी मान डोलावत होते आणि एकेक पान त्यांच्या टेबलावर ठेवत होते. थोड्या वेळानं त्यांनी पायानं कचऱ्याची टोपली माझ्याकडे सरकवली. हा माणूस चांगला आहे, असं मला तेव्हाच वाटलं.

एकोणसत्तर सालचा ऑक्टोबर होता. बर्मिंगहॅमला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती. हे एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये ड्राफ्ट्समन होते, वय त्रेचाळीस. मंजिरी अकरा वर्षांची, अजय आठ. आजाराचं नाव होतं क्रॉनिक रीनल फेल्युअर. म्हणजे रक्तातला कचरा गाळणारी गाळणी वर्षानुवर्षं हळूहळू बुजत जाते, आणि माणसाला पत्ता लागतो तेव्हा ती बुजलेलीच असते. तुमच्या घरी हे नाव आलंच, तर एवढं आधी लक्षात ठेवा की ते तुमच्या स्वयंपाकामुळे आलेलं नाही. मला हे पटायला वर्ष लागलं.

कारण सुरुवातीच्या सगळ्या खुणा माझ्या स्वयंपाकावरच येऊन पडत होत्या. यांना चहा कडू लागायला लागला. मी दुकान बदललं. मग आमटीला पितळी भांड्याची चव येते म्हणाले. घरात पितळी भांडं नव्हतंच, त्यामुळे आमचं दोन दिवस वाजलं. अंगाला खाज सुटायची, त्यासाठी मी इथल्या पाण्याला आणि साबणाला दोष दिला. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा अशक्तपणा म्हणून मी रोज दोन अंडी, वाटीभर डाळ आणि मूठभर दाणे सुरू केले. बुजलेल्या किडन्यांना याहून वाईट आहार शोधूनही सापडला नसता. डॉक्टरांना मी हे कबूल केलं तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही त्यांच्यावर फार प्रेम करत होतात, एवढाच त्याचा अर्थ.” इंग्रज माणूस इतकं बोलतो म्हणजे परिस्थिती गंभीर आहे, हेही मला त्याच वाक्यानं कळलं.

ब्लड युरिया नावाची तपासणी झाली. रक्तात कचरा किती साठला आहे तो आकडा त्यातून मिळतो. यांचा आकडा ऐकून वॉर्डच्या सिस्टरनी भुवया उंचावल्या. यांना त्याच दिवशी ठेवून घेतलं.

मग जेवणाचं प्रकरण सुरू झालं. डाळ बंद, दाणे बंद, नारळ बंद, केळं-टोमॅटो बंद, मीठ बंद. बटाटा दोनदा उकळून दोन्ही पाणी फेकायचं. दिवसाचं पाणी मोजून. मी घरून पोहे करून नेले, दाण्यांशिवाय, खोबऱ्याशिवाय, मिठाशिवाय. यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, “अगं, हे पोह्यांचं भूत आहे.” शेजारच्या कॉटवरच्या मिस्टर पार्क्सना तेच भूत आवडलं. त्यांनी संपवलं.

मिस्टर पार्क्स चौपन्न वर्षांचे, बस डेपोत फिटर, लग्न न केलेले. आई वारल्यापासून घरात एकटेच. त्यांचाही आजार हाच. दोघं दिवसभर ड्राफ्ट्सचा, म्हणजे इथल्या सोंगट्यांचा, डाव मांडून बसायचे आणि हरणाऱ्यानं आपली बार्ली शुगरची गोळी जिंकणाऱ्याला द्यायची. ताकद यावी म्हणून या पेशंटांना त्या साखरेच्या गोळ्या मिळत. मिस्टर पार्क्स मला ‘बॅब’ म्हणत. बर्मिंगहॅमच्या बोलीत बायकांना प्रेमानं तसंच म्हणतात. पण मी यांच्याशी लग्न करून इतक्या दूर आले ती असं ऐकायला नव्हे, म्हणून पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे बघायचंच टाळलं. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांचे पायमोजे रफू करत होते.

महिन्याभरानं डॉक्टर हॅलमनी मला पुन्हा बोलावलं. जेवणाच्या पथ्यावर अजून थोडे महिने निघतील म्हणाले, पण पुढे मशीन लागेल. या उपायाला डायलिसिस म्हणतात. हातातून रक्त नळीनं बाहेर काढायचं, सेलोफेनसारख्या पातळ पडद्याच्या एका बाजूनं फिरवायचं, दुसऱ्या बाजूनं क्षार घातलेलं पाणी सोडायचं. कचरा पडद्यातून पाण्यात उतरतो आणि रक्त स्वच्छ होऊन परत अंगात जातं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी दहा-बारा तास. हॉस्पिटलात मशीनं इनमीन चार, म्हणून पेशंटला आणि त्याच्या बायकोला शिकवून मशीन घरीच बसवून देतात.

“आणि मशीन मिळालं नाही तर?” मी विचारलं.

“तर दुसरं काही नाही,” ते म्हणाले.

जागा एक रिकामी होणार होती आणि नावं पाच होती. डॉक्टर, सिस्टर आणि हॉस्पिटलच्या सोशल वर्कर मिस ड्रूरी यांची एक छोटी मीटिंग दर गुरुवारी भरत असे, तिथे ठरणार. काय बघतात, तेही डॉक्टरांनी लपवलं नाही. वय साठीच्या आत हवं, दुसरा आजार नको, माणूस कामावर परत जाण्याजोगा हवा, मुलंबाळं असली तर ते जमेला, आणि मुख्य म्हणजे घरी मशीन चालवणारं कुणीतरी समजूतदार माणूस हवं. ‘समजूतदार’ म्हणताना त्यांनी फ्लॉवरच्या आठवणीनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असा माझा आजही संशय आहे.

मिस ड्रूरी घर बघायला मंगळवारी दुपारी येणार होत्या. मुलगी बघायला येतात तेव्हा आमच्या आईनं केली नव्हती एवढी तयारी मी केली. पडदे धुतले. मागची खोली रिकामी केली. चकल्या केल्या, बेसनाचे लाडू केले. मुलांना सांगून ठेवलं की बाईंसमोर भांडायचं नाही.

मिस ड्रूरी बारीक, उंच, करड्या कोटातल्या. त्यांनी मागची खोली पाहिली, नळाला पाण्याचा जोर किती आहे ते पाहिलं, जिना मोजला, शेजाऱ्यांबद्दल विचारलं. मग बसल्या. मी चकल्या पुढे केल्या. त्या नको म्हणाल्या. मी अर्थातच ऐकलं नाही. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ते म्हणायचंच असतं. मी दोन वाढल्या. त्यांनी खाल्ल्या, मी आणखी दोन वाढल्या. लाडूला तर त्या हात आडवा धरून नको म्हणाल्या, तो मी हाताच्या बाजूनं बशीत ठेवला. शेवटी त्या बिचाऱ्या लाल झाल्या होत्या आणि मला वाटत होतं, काय छान जमतंय आमचं.

मग त्यांनी वही उघडली आणि विचारलं, “मिसेस दातार, ही जागा तुम्हाला देऊ केली तर तुमची आणि यजमानांची ती घ्यायची इच्छा आहे?”

मी म्हटलं, “नको नको, आमच्यासाठी एवढा त्रास कशाला. आमच्याहून गरजू कुणी असतील तर आधी त्यांचं बघा. आमचं काय, होईल कसंही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहीत काहीतरी बराच वेळ लिहिलं. मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या की असं मोठं मन फार थोड्या लोकांकडे असतं. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता त्या आग्रह करतील. त्या कोट घालून निघून गेल्या.

यातलं काही चुकलं असं मला वाटलं नाही, हे लिहायची आज लाज वाटते. उलट संध्याकाळी हॉस्पिटलात मी यांना सगळं रंगवून सांगितलं. हेही म्हणाले, “शोभेल असंच बोललीस. आपणहून हपापल्यासारखं कशाला मागायचं?” आम्ही दोघं पुण्याच्या एकाच पेठेत वाढलो. एकानं चूक केली तर ती दाखवायला दुसऱ्याचा काही उपयोग नव्हता.

पुढच्या सोमवारी डॉक्टर हॅलम राउंडला आले तेव्हा यांच्या कॉटपाशी थांबून म्हणाले की तुमच्या पत्नीनं काय सांगितलं ते मला कळलं, मला त्याबद्दल आदर आहे, आणि तुमचाही तोच विचार असेल तर आम्ही तो मानू. यावर आमच्या यांनी काय करावं? थँक यू म्हणाले.

हे मला बुधवारी कळलं, आणि तेही मिस्टर पार्क्सकडून. मी व्हिजिटिंग अवरला पोचले तर ते कॉटवर उठून बसले होते आणि चिडले होते. त्या वेळी त्यांचे पाय सुजलेले, चेहरा पिवळा, पण आवाज डेपोतला.

“बॅब, तुम्ही दोघं अक्कल गहाण टाकून आलात का?” ते म्हणाले. “या देशात नाही म्हटलं की नाही. कुणी परत विचारायला येत नाही. उद्या मीटिंग आहे. यादीतून याचं नाव काढलंय त्यांनी, तुमच्या सांगण्यावरून.”

मी म्हटलं, मी तसं म्हटलं नव्हतं. मग काय म्हटलंस ते मला म्हणून दाखव, असं ते म्हणाले. मी म्हणून दाखवलं. इंग्रजीत ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकताना तो सरळ नकारच आहे, हे मलाच ऐकू आलं.

“मी मागितलं होतं,” मिस्टर पार्क्स म्हणाले. आवाज आता खाली आला होता. “तीनदा मागितलं. मी एकटा आहे, मशीनला कोण बसणार, म्हणून मला नाही म्हणाले. ठीक आहे. पण ज्याला मिळू शकतं त्यानं सभ्यपणापायी मरायचं, हे मला बघवणार नाही. जा आणि सांग त्यांना.”

हे पलंगावर भिंतीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “मला जगायचंय गं.” पंधरा वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःसाठी दुसरी वाटी आमटीसुद्धा तोंडानं मागितली नव्हती.

गुरुवारी सकाळी साडेआठला मी डॉक्टर हॅलमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. मुलांना शेजारच्या मिसेस हिल्सनी शाळेत पोचवलं. बाकावर मी वाक्य पाठ करत होते. एवढंच वाक्य होतं, आम्हाला मशीन हवंय. पण म्हणायला गेलं की दर वेळी त्याच्याआधी ‘सॉरी’ येई आणि मागाहून ‘जमत असेल तर’ चिकटे. आणि त्याहून खाली एक गोष्ट बोचत होती. पाच नावांतलं आमचं परत घातलं, की दुसरं कुठलं तरी खाली जाणार. त्यालाही बायको असेल, तीही कुठल्यातरी बाकावर बसलेली असेल. नको म्हणताना मला हे सुचलं नव्हतं. तेव्हा गरजू लोक म्हणजे नुसता एक शब्द होता.

डॉक्टर आले. मी सॉरी म्हणूनच सुरुवात केली. मग चकल्यांपासून सगळं सांगितलं. आमच्यात पहिल्यांदा देऊ केलेलं कुणी घेत नाही, देणारा दुसऱ्यांदा म्हणतो, तिसऱ्यांदा म्हणतो, आणि तोवर घेणारा मनातून कधीच हो म्हणालेला असतो. मिस ड्रूरींना मी चार चकल्या आणि एक लाडू याच नियमानं खायला घातला, आणि त्यांनी मला त्यांच्या नियमानं सोडून दिलं.

डॉक्टर हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. खुर्चीत मागे टेकले.

“आजवर अशा किती जणांचं नको मी खरं धरलं असेल?” ते म्हणाले. मला विचारत नव्हते.

मग पुढे वाकले. “बरं. आता मी दुसऱ्यांदा विचारतो. हवंय?”

“हवंय,” मी म्हटलं. पुढे काही जोडलं नाही. मग म्हटलं, “आम्ही घेतलं तर कुणाचं जाईल?”

“ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते ओझं माझं आहे.”

मी उठले, पण पाय निघेना. मिस्टर पार्क्सचं विचारलं. एकट्या माणसाला नाही, हे कुणी ठरवलं?

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “कुणीच नाही, आणि हीच अडचण आहे. सरकार सांगत नाही, लोकांना कुणी विचारत नाही. मग आम्ही तीन माणसं एका खोलीत बसून आम्हाला जे बरोबर वाटतं ते करतो. आम्ही तिघंही चांगली माणसं आहोत, मिसेस दातार. पण आम्ही तिघंच आहोत.”

त्या दुपारी यांचं नाव लागलं.

पुढची हकीकत तुमच्या उपयोगाची आहे म्हणून थोडक्यात देते. आधी शंट बसवतात, म्हणजे हातात कायमच्या दोन नळ्या, एक धमनीत आणि एक शिरेत, म्हणजे दर वेळी सुया टोचायला नकोत. मग मला तीन महिने हॉस्पिटलात जाऊन शिकावं लागलं. मशीनचे पडदे हातानं ताणून बसवायचे, एकही सुरकुती चालत नाही. ज्या बाईची पोळी आयुष्यात एकदाही गोल झाली नाही तिला हे काम मिळालं. पहिल्या दिवशी माझ्या जोडणीतून पाणी सिस्टरच्या बुटात गेलं. पण चाळिसाव्या वेळी गळलं नाही. कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, मागच्या खोलीत वेगळा नळ आणि मोरी करून दिली, फोन बसवला. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहाला मशीन सुरू. घाबरू नका. शिलाईचं मशीन चालवता येत असेल तर हेही येतं, फक्त इथे दोरा तुटून चालत नाही.

मिस्टर पार्क्सना पथ्यावर घरी पाठवलं होतं. मार्चमधल्या एका रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं आणि हे त्यांना टॅक्सीनं घेऊन आले. त्यांनी मागच्या खोलीत जाऊन मशीन पाहिलं. सगळे सांधे, नळ्या, पंप, फिटरच्या नजरेनं. एका क्लॅम्पकडे बोट दाखवून म्हणाले की हा उलटा लावलाय, आणि तो खरंच उलटा होता. मग यांच्याशी ड्राफ्ट्सचा एक डाव खेळले आणि जिंकले. एप्रिलमध्ये ते गेले. अंत्यविधीला डेपोतले लोक युनिफॉर्ममध्ये आले होते. मी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले, कारण तिथे बसायला त्यांचं कुणीच नव्हतं.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी हॉस्पिटलांचा कारभार बदलला, आणि सरकारनं गावोगाव साध्या लोकांच्या समित्या नेमल्या, आरोग्याच्या कामात लोकांना काय महत्त्वाचं वाटतं ते सांगायला. आमच्या भागातून कुणीतरी माझं नाव दिलं. मी यांना म्हटलं, मला काय कळतं. मग जीभ चावली आणि फॉर्म भरला.

समितीत आम्ही अठरा जण, त्यांत एक पाद्री आणि चेअरमन म्हणून एक निवृत्त हेडमास्तर. पहिल्या वर्षी मी तयारीनं गेले की मशीनं वाढवून घ्यायची. पैसे एकाच कामाला पुरणार होते. माझ्यासमोर एक बाई उभी राहिली, तिची आई म्हाताऱ्यांच्या वॉर्डात होती. तिथे आठवड्यात एकदा आंघोळ मिळते, कारण उचलायला साधन नाही, एवढंच तिनं सांगितलं. मी भांडायला म्हणून गेले होते आणि तिच्या बाजूनं हात वर करून आले. घरी आल्यावर हे म्हणाले, “म्हणजे माझ्या मशीनविरुद्ध मत देऊन आलीस.” आणि मग खूप हसले. एकाला द्यायचं म्हणजे दुसऱ्याचं थांबवायचं, हे टळत नाही. पण ते उघड्यावर, एकमेकांच्या तोंडाकडे बघत करता येतं, हे मी त्या दिवशी शिकले.

दुसऱ्या वर्षी मशीन कुणाला द्यायचं त्याचे निकष आमच्यापुढे आले. ‘एकटे राहणारे अपात्र’ ही ओळ चौथी होती. मी म्हटलं, ही काढा. एका गृहस्थांनी, आवाज न चढवता, विचारलं की तेव्हा ही ओळ नसती तर कदाचित तुमच्या यजमानांना जागा मिळाली नसती. मग तुम्ही काय म्हटलं असतंत?

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खरं तेच सांगितलं. “मी रडले असते, शिव्या दिल्या असत्या, तुम्हा सगळ्यांची तोंडं पाहायची नाहीत असं ठरवलं असतं. पण दुसऱ्या माणसाच्या घरी कुणी नाही म्हणून माझ्या माणसाला मशीन मिळालं, हे मला रोज त्या मशीनशेजारी बसून आठवतं. मशीनला बसणारं माणूस हवं असेल तर ते आपण देऊ. शिकायला तीन महिने लागतात. मी शिकवीन.”

अकराविरुद्ध सहा मतांनी ओळ गेली. पाद्री तटस्थ राहिले. सात बायका आणि एक निवृत्त पोस्टमन माझ्याकडे शिकले.

यांना यंदा मशीनवर आठ वर्षं झाली. हे अर्धा वेळ कामावर जातात, मंजिरीच्या कॉलेजच्या गप्पांना नावं ठेवतात, आणि पोह्यांबद्दल अजून कुरकुर करतात. मी मंगळवारी आणि शनिवारी मिसेस केलींकडे मशीनला बसते, गुरुवारी पोस्टमन. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या, विधवा, मूलबाळ नाही. हॉस्पिटलचं पत्र आलं तेव्हा ते चुकून आलंय असं समजून त्यांनी ते परत पाठवलं होतं.

परवा नळ्या जोडताना त्यांनी मला विचारलं, “मला हे मिळावं असं ठरवलं कुणी? डॉक्टरांनी?”

“नाही,” मी म्हटलं. “आम्ही. बसनं मीटिंगला येणारे अठरा लोक.”

“ते मला ओळखतात?”

“एकही नाही.”

रक्त नळीत चढलं, पंपाचा आवाज लागला. मग म्हणाल्या, “त्यांना थँक यू सांग माझं. प्रत्येकाला.”

पुढच्या मीटिंगला मी उभं राहून ते सांगितलं. सेक्रेटरींनी पेन उचलून चेअरमनना विचारलं, हे कुठल्या विषयाखाली लिहू? हेडमास्तरांनी अजेंडा वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला आणि म्हणाले, “सगळ्यात वर लिहा.”